बरफाची सिल्ली कुणासाठी?

आमच्या मोहल्ल्यात कुणाच्या छातीत कळ आली, की माणसं आधी देवाकडे जातात, मग माझ्याकडे येतात आणि सगळ्यांत शेवटी दवाखान्यात जातात. हा क्रम चुकीचा आहे, हे सांगायलाच मी लिहायला बसले आहे. छातीत दुखलं की आधी डॉक्टर. देव कुठे पळून जात नाही, आणि मीही बालाघाटातच आहे.

मी डॉक्टर नाही. पोलकी आणि फ्रॉक शिवणारी बाई आहे. आमचं माणूस कटंगीचं, माझं माहेर भंडाऱ्याकडचं. प्रांत वेगळे झाले तेव्हा नागपूर तिकडे राहिलं आणि आम्ही इकडे. तेव्हापासून घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. उंबरठ्यावर या दोघींची अधूनमधून टक्कर होते. माझ्या दुखण्यात ती दोनदा झाली, आणि दुसऱ्यांदा झाली तेव्हा माझी तिरडी बांधायचीच काय ती बाकी राहिली होती.

पण ते पुढे. आधी दुखणं.

खोकला गेला, पण

धान कापणीच्या दिवसांत मला खोकला झाला. खोकला गेला, पण जाताना छातीत काहीतरी ठेवून गेला. डाव्या बाजूला, जिथे बरगड्या मधल्या हाडाला येऊन मिळतात, तिथे खिळा ठोकल्यासारखं दुखायचं. खोल श्वास घेतला की टोचायचं. शिंक येतेय असं वाटलं की मी नाक दाबून धरायची. शकूला, म्हणजे माझ्या अडीच वर्षांच्या मुलीला, डाव्या कडेवर घेतलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. माझं शिवणयंत्र हाताचं. उजव्या हाताने दांडा फिरवायचा आणि डाव्याने कापड ओढायचं. ओढताना आतून 'कट्' असा आवाज यायचा, निदान मला तरी यायचा.

मी कुणाला बोलले नाही. हात दुखतो, पाठ दुखते, पोट दुखतं असं बाईला म्हणता येतं. छाती दुखते म्हटलं की ऐकणारा दुसरीकडे बघतो आणि सांगणारी पदर ओढून घेते. या लाजेपायी कितीतरी दिवस फुकट गेले. वाचणाऱ्या बायांनो, ही लाज बाळगू नका. दुखण्याला लाज नसते, मग आपणच काय म्हणून लाजायचं?

ह्यांना मात्र न सांगता कळलं. हे बालाघाट-कटंगी मोटारीवर कंडक्टर. माणसाच्या तोंडाकडे पाहून तो कुठे उतरणार हे ओळखायची त्यांना सवय.

"काहून अशी वाकून चालून राह्यली?" त्यांनी विचारलं.

"काई नाई."

"काई नाई, त मंग श्वास काहून उधार घेतल्यासारखा घेऊन राह्यली?"

तेव्हा मी सांगितलं.

पसली

दुसऱ्या दिवशी मी एकटीच सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर दौऱ्यावर होते. खिडकीत कंपाउंडर बसलेला, आणि माझ्या मागेपुढे ही रांग. एवढ्या लोकांत छाती हा शब्द तोंडातून निघेना. म्हणून मी आपला हिंदीतला सभ्य शब्द निवडला. बरगडीला हिंदीत पसली म्हणतात हे मला ठाऊक होतं. माझी बरगडी हलते, असं मला सांगायचं होतं.

"पसली चलती है जी," मी म्हटलं.

"बच्चा किधर है?" कंपाउंडरने विचारलं.

मी म्हटलं, याला माझ्या मुलीची काळजी कशाला? पण सरकारी माणूस विचारतोय तर सांगावं. "घर पे है, सास के पास."

"कब से चल रही है?"

"आठ-दस रोज से."

तो असा काही भडकला की रांगेतल्या बाया पुढे सरकून बघू लागल्या. "आठ-दस रोज से पसली चल रही है और बच्चे को घर छोड़ के आई हो? माँ हो कि क्या हो?"

मी खाली मान घालून गोड औषधाची बाटली घेतली. दिवसातून तीनदा अर्धा चमचा. एवढ्या मोठ्या बाईला अर्धा चमचा? पण म्हटलं, सरकारी दवाखाना आहे, औषध पुरवून वापरत असतील.

घरी आल्यावर शेजारच्या चौबाइन भाभीने उलगडा केला. हिंदीत पसली चालते ती लहान लेकरांची. छातीत कफ भरून लेकरू धापा टाकू लागलं की म्हणतात पसली चल रही है. भाभी हसून हसून जमिनीवर बसली. मीही हसले, आणि हसताना अशी कळ आली की हसणं तिथेच थांबलं.

आत्याबाई शकूला घेऊन गेल्या

सासूला मी आत्याबाई म्हणते. धान घरात आल्यावर त्या कटंगीहून आमच्याकडे आल्या होत्या. माझं दुखणं कळल्यावर त्यांनी लगेच शेकायला घेतलं. तव्यावर तांदळाचा कोंडा गरम करायचा, फडक्यात बांधायचा आणि त्या पोटलीने शेक द्यायचा. शेकताना बरं वाटायचं. पोटली थंड झाली की आत ठणका सुरू व्हायचा, आधीपेक्षा जास्त. मग त्यांनी वीट तापवली. कुणी म्हणालं, बिबा लावा. कुणी म्हणालं, डाग द्या. बिब्याला आणि डागाला मी साफ नाही म्हटलं. बरगडी दुखते म्हणून कातडी जाळून घेण्यात मला काही शहाणपण दिसेना.

आत्याबाई शेकत होत्या, पण त्यांचं लक्ष मधूनच येणाऱ्या माझ्या उरल्यासुरल्या खोकल्याकडे होतं. त्यांची थोरली मुलगी, माझी नणंद सोनी, क्षयाने गेली. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. तिलाही आधी खोकला झाला, मग छाती दुखू लागली. तिच्यामागे तिचं तान्हं लेकरूही गेलं. घरात याविषयी कुणी बोलत नसे. पण मी खोकले की आत्याबाई शकूला माझ्यापासून उचलून घ्यायच्या, काहीतरी निमित्त काढून.

एका सकाळी त्यांनी शकूचे फ्रॉक गाठोड्यात बांधले.

"पोरीले नेऊन राह्यली मी," त्या म्हणाल्या.

"काहून?"

"काहून म्हून इचारू नोको. सोनीच्या वक्ताले मी नुस्ती इचारतच राह्यली." मग गाठ मारत म्हणाल्या, "तुह्यं दुखनं गेलं का मी सोता आनून देईन. तवरोक नाई."

मी भांडले. खूप भांडले. ह्यांनी दोघींकडे पाहिलं आणि चपला घातल्या, कारण गाडीची वेळ झाली होती. त्याच गाडीने शकू कटंगीला गेली. ह्यांनी आईचं तिकीट फाडलं. शकूचं तिकीट लागत नव्हतं.

मला आत्याबाईंचा संताप आला. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, हे कळत होतं म्हणून जास्तच आला. हे रोज कटंगीला जाणार, रोज शकूला बघणार, आणि मी घरी बसून विचारणार, जेवली का, रडली का? त्या दिवशी मी ठरवलं. या दुखण्याचं नाव मला पाहिजे. क्षय असेल तर क्षय, पण नाव पाहिजे. आणि नाव कळलं की त्याला घराबाहेर काढायचं.

डॉक्टर हसले

ह्यांनी रजा टाकली आणि मला जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, काही दिवस ठेवून घेऊ, छातीचं दुखणं आहे, खात्री करू.

दवाखान्यातली सकाळ फिनाइलच्या वासाने सुरू व्हायची. मग थर्मामीटर, मग घरून आणलेल्या गिलासात चहा, मग डॉक्टरांची वाट. वाट पाहणं हेच तिथलं मुख्य काम. शेजारच्या खाटेवर बिरश्याच्या जंगलाकडची एक म्हातारी होती, पाय मोडलेली. तिची बोली मला नीट कळत नसे, माझी तिला कळत नसे. मला खोकला आला आणि मी कळवळले, की ती आपलं कपड्यांचं गाठोडं माझ्याकडे फेकायची आणि छातीशी गच्च धरायची खूण करायची. गाठोडं दाबून खोकलं की अर्धं दुखणं वाचायचं. आजही मला खोकला आला की मी उशी शोधते.

छातीचा फोटो निघाला. थुंकी तपासली. आणि एका सकाळी डॉक्टर आले, नळी बाजूला ठेवली आणि नर्सबाईंना जवळ उभं करून अंगठ्याने माझ्या छातीच्या मधल्या हाडाच्या कडेला दाबत दाबत खाली आले. एका जागी मी ओरडले. डॉक्टर हसले.

मनात म्हटलं, मेल्या, हसतोस काय?

"यही है," ते म्हणाले. "फोटो साफ है. फेफड़े ठीक, दिल ठीक. मकान सलामत है बाई, दीवार सूज गई है."

बरगडी जिथे छातीच्या हाडाला कूर्चेने, म्हणजे मऊ हाडाने, जोडलेली असते, तिथे सूज आली होती. खोकल्याने हिसके बसले, त्यावर यंत्राचं ओढकाम, त्यावर लेकरू सदा डाव्याच कडेवर. मी विचारलं, टी.बी. नाही ना? ते म्हणाले, नाही. मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा म्हणाले, नाही. मग मी रडले. रडल्यानेही दुखत होतं, तरी रडले.

औषधाच्या गोळ्या दिल्या. हाताला आराम सांगितला. आणि म्हणाले, सूज ताजी आहे, शेक बंद, बरफ लावा. कपड्यात गुंडाळून, थोडा थोडा वेळ. ठणका उतरला की मग हलका शेक चालेल.

ह्यांनी कटंगीला जाऊन आईला सगळं सांगितलं. संध्याकाळी परत आले ते एकटेच.

"आई म्हन्ते, सोनीच्या फोटोत बी पयले काई नोतं. दुखनं जाऊ दे, मंग पाहू."

म्हणजे फोटो नाही चालणार. दुखणंच जायला पाहिजे. ठीक आहे, म्हटलं. जाईल.

डब्यातला बरफ

बरफ त्या काळी आमच्याकडे काही घरात असायची वस्तू नव्हती. गोंदियाहून छोट्या लाइनीच्या आगगाडीने, पोत्यात आणि धानाच्या भुशात गुंडाळून सिल्ल्या, म्हणजे बरफाच्या मोठ्या लाद्या, यायच्या. त्या उतरायच्या बस स्टँडजवळ हमीदभाईच्या दुकानात. तिथून शरबतवाले नेत, मासळीवाले नेत. आणि घरी बरफ यायचा तो एकाच कामासाठी. कुणी गेलं आणि लेक-जावई लांबून यायचे असले, की मयताच्या खाली-वर सिल्ली लावत. आमच्या मोहल्ल्यात बरफाची गाडी कुणाच्या दारात थांबली की शेजारचे चूल विझवायचे आणि टोपी घालून बाहेर यायचे.

म्हणून आम्ही बरफ लपवून आणायचो. जित्या बाईच्या छातीवर बरफ ठेवतात हे मोहल्ल्यात कळलं असतं तर ते गाडीत बसून कटंगीला पोचलं असतं, आणि आत्याबाईंनी मला तेव्हाच मेलेली धरलं असतं. हे संध्याकाळी गाडी लावून यायचे, तेव्हा त्यांच्या जेवणाच्या डब्यात भाकरीच्या जागी भुशात गुंडाळलेला बरफाचा तुकडा असायचा.

पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला. कपडा कशाला, म्हणून बरफ सरळ अंगावर ठेवला. कातडी लालभडक झाली आणि जळजळली. तेव्हा कपड्यात म्हणजे कपड्यातच. मी जुनं पोलकं दुहेरी घडी करून त्यात ठेवायची. आधी नुसतं गार लागतं. मग टोचतं, अगदी ठेवू नये असं वाटतं. मग ठणकतं. आणि मग काहीच लागत नाही. ते 'काहीच नाही' मला किती दिवसांत मिळालं नव्हतं! मी पोटभर श्वास घेतला. बधिर वाटलं की बरफ काढायचा, लोभ करायचा नाही.

दुखणं एका दिवसात गेलं नाही. दोन पावलं पुढे, एक मागे. एक दिवस बरं वाटलं म्हणून मी पाण्याची बादली उचलली आणि पुन्हा मूळ जागी आले. मग मी शिस्तच लावली. बादली उजव्या हाताने आणि अर्धीच. यंत्र बंद, फक्त हाताची टाके-बटणं. सकाळी अंग आखडलेलं असायचं, तेव्हा ठणका कमी झाल्यावर कोंड्याची पोटली हलकी गरम करून लावायची. संध्याकाळी बरफ. म्हणजे आत्याबाईही बरोबर होत्या आणि डॉक्टरही, फक्त दोघांची वेळ वेगळी होती. प्रत्येकीला हेच मानवेल असं मी म्हणत नाही. कुणाला बरफ सोसत नाही, कुणाला शेक. आपल्या अंगाला विचारावं आणि ते काय म्हणतं ते ऐकावं.

पण शकूविना घर खायला उठायचं. तिचा एक फ्रॉक आत्याबाईंकडून राहून गेला होता. मी त्याला बटण लावायची आणि काढायची.

सिल्ली

मग एक दिवस ह्यांची पाळी बदलली. गाडी कटंगीवरून पुढे तुमसरला जाणार, मुक्काम तिकडेच. संध्याकाळचा डबा येणार नव्हता. म्हणून सकाळी गाडी सुटताना ह्यांनी पायरीवरूनच हमीदभाईला ओरडून सांगितलं, "घर पे बरफ भेज देना, बाई के लिए!" हमीदभाईने विचारलं, "क्या हुआ?" तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दाबला, आणि ह्यांनी हात हलवला. गाडी गेली.

रोज हे बरफ डब्यात न्यायचे, तो कशासाठी हे हमीदभाईला कधी सांगितलं नव्हतं. शरबतासाठी नेत असतील असं त्याला वाटत होतं. आज घरी पाठव म्हटलं, बाईसाठी म्हटलं. त्याने कपाळाला हात लावला आणि सगळ्यात मोठी सिल्ली काढली.

मी स्वैपाकघरात होते. दारात हातगाडी थांबली. गाडीवाल्याने डोक्याचा गमछा काढून खांद्यावर टाकला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, मिट्टी किधर है?"

मला वाटलं, सिल्ली ओली आहे, मातीवर ठेवायची म्हणतो. मागच्या आंगणात चुलीला लावायला मातीचा ढीग आणून टाकला होता.

"मिट्टी पिछवाड़े है," मी म्हटलं.

तो एवढी मोठी सिल्ली पाठीवर घेऊन घरातून मागे गेला, मातीच्या ढिगाजवळ ठेवली आणि इकडे तिकडे पाहिलं. मी पैसे पुढे केले. त्याने दोन्ही हात जोडले. "हमीदभाई ने मना किया है. ऐसे वक्त पैसे नहीं लेते." मला भरून आलं. माझ्या आजारपणाची हमीदभाईला किती काळजी! नुसता तुकडा मागितला तर त्याने अख्खी सिल्ली पाठवली.

हिंदीत मिट्टी म्हणजे मयतही, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण आपल्याच घरात आपल्याच पायांवर उभ्या असलेल्या बाईला ते कसं सुचावं?

मी मागे जाऊन बत्त्याने सिल्ली फोडायला बसले. दार उघडंच होतं.

थोड्या वेळाने पुढून रडण्याचा आवाज आला. एकीचा नाही, चार-पाच जणींचा. मी पदराला हात पुसत आत आले. खोलीत चौबाइन भाभी आणि मोहल्ल्यातल्या बाया, सगळ्यांच्या डोक्यावर पदर, आणि मधोमध माझी रिकामी खाट. मी म्हटलं, "काय झालं वं?" एक बाई किंचाळून दाराबाहेर पळाली. भाभीने मला चाचपून पाहिलं, आधी हात, मग गाल.

"ज़िंदा है!" ती म्हणाली. "अरी, तो बरफ किसका आया?"

मी सगळं सांगितलं तेव्हा असा हशा झाला की समोरचा दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघायला आला. मी छाती धरून हसले. आणि मग भाभीने एकदम माझा हात धरला.

"मैंने तो कटंगी खबर भेज दी," ती म्हणाली. "ग्यारह वाली बस से."

कटंगीची गाडी

काही करता येण्यासारखं नव्हतं. गाडी निघून गेली होती. हे तुमसरला. मी दुसऱ्या गाडीने निघाले असते तर वाटेत चुकामूक झाली असती. वाट पाहायची.

सिल्ली फोडल्याने छाती पुन्हा ठणकू लागली होती. मी ओसरीवर भिंतीला टेकून बसले आणि पोलक्यात बरफ घेऊन लावला. आता लपवायचं कुणापासून? बाया गेल्या नाहीत. पुढे काय होतं ते बघायचं होतं त्यांना, आणि मलाही त्या जवळ हव्या होत्या. मला आत्याबाईंची भीती वाटत होती. पण खरं सांगते, त्याहून जास्त मला एकच वाटत होतं, शकूला आणतील का?

दुपारी उशिरा गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला. आमच्याकडे बाया मयतावर रडतात ते गाऊन रडतात, गेलेल्या माणसाचे गुण सांगत.

"अवं माह्ये लेकी, मले टाकून कशी गेली वं! कशी गोड भाजी करे माही लेक! कोनाले उलटून बोलली नाई वं!"

लग्नापासून त्यांनी मला कधी लेक म्हटलं नव्हतं. माझी भाजी तर त्यांना रोजच अळणी लागायची. आणि उलटून तर मी त्या गाठोड्याच्या दिवशीच किती बोलले होते. बाया त्यांना अडवून सांगू लागल्या, पण आत्याबाई कुणाचं ऐकण्याच्या स्थितीत नव्हत्या. त्या ओसरीपर्यंत आल्या. एका काखेत नवंकोरं हिरवं लुगडं, सवाशीण गेली म्हणून अंगावर घालायला आणलेलं. दुसऱ्या कडेवर शकू.

त्यांनी मला पाहिलं. रडणं मध्येच तुटलं.

"आजी," शकू म्हणाली, "आई बरफ खाऊन राह्यली."

आत्याबाई पायरीवर बसल्या. लुगडं खाली पडलं. मग त्यांना आवाज फुटला. "जित्ती हाय तू? जित्ती हाय, त मंग सांगता नाई येत? दोन घंटे मोटारीत माहा जीव कसा झाला मालूम हाय का तुले?" आणि पदर तोंडात कोंबून त्या खरंच रडू लागल्या, न गाता.

मी बरफाचं सांगितलं. डॉक्टरांचं सांगितलं. शकू खाली उतरायला धडपडू लागली. आत्याबाईंनी तिला घट्ट धरलं.

"थांब. मायले दुखनं हाय."

मला वाटलं होतं, मी रडेन किंवा ओरडेन. पण आवाज सरळ निघाला.

"आत्याबाई, मी मेली आयकून तुमी पोरीले घेऊन आल्या?"

"हौ. मंग शेवटचं मायचं तोंड नाई दाखवाचं का?"

"मेल्या मायचं तोंड दाखवाले आनलं. जित्त्या मायचं काहून नाई दाखवत?"

आत्याबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी इतक्या दिवसांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"कोठी दुखते?"

मी बरफ बाजूला केला, त्यांचं बोट घेतलं आणि त्या जागेवर ठेवलं. "अठी. दाबून पाहा."

त्यांनी दाबलं. मी ओठ चावला. त्यांनी शेजारी दाबलं, मी हलले नाही. पुन्हा त्या जागी दाबलं, मी पुन्हा कळवळले. त्यांचं बोट बराच वेळ तिथेच राहिलं.

"सोनीचं असं बोटाखाली गवसे नाई," त्या हळूच म्हणाल्या. "ते कोठी दुखे, तिले बी सांगता नोतं येत."

त्या उठल्या. शकूला कडेवरून उतरवलं, मला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आल्या आणि तिला माझ्या उजव्या मांडीवर बसवलं.

"हालू नोको वं, बाई," त्या शकूला म्हणाल्या. "मायची डावी बाजू दुखते."